नोकरीच्या बाजारातील ओळखीचे भांडवल

अमेरिकेतील एखाद्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणारा विद्यार्थी रात्री संगणकासमोर बसतो आणि न्यूयॉर्कच्या एखाद्या इन्व्हेस्टमेंट बँकेत काम करणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या माणसाला ई-मेल लिहितो. दोघांमधील दुवा एवढाच की, तो माणूस काही वर्षांपूर्वी त्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेला असतो. हे पत्र कसे असावे याचे नियम आता जवळजवळ ठरून गेले आहेत. ते पाच-सहा वाक्यांहून मोठे नसावे. विषयाच्या ओळीतच महाविद्यालयाचे नाव यावे. नोकरीची मागणी त्यात चुकूनही नसावी. 'आपल्या अनुभवाविषयी पंधरा मिनिटे बोलता आले तर आभारी होईन' एवढीच नम्र विनंती असावी. आठवडाभरात उत्तर आले नाही तर एक स्मरणपत्र पाठवावे. बोलणे झाल्यावर चोवीस तासांच्या आत आभार मानावेत. कोणाला केव्हा लिहिले आणि कोण काय म्हणाला याचा तक्ता ठेवावा. अशी पुष्कळ पत्रे लिहिली म्हणजे थोडी उत्तरे येतात, आणि त्या थोड्यांपैकी एखादा माजी विद्यार्थी अर्जांच्या ढिगातून या मुलाचा अर्ज वर काढायला सांगतो.

अमेरिकी विद्यापीठांमधील मार्गदर्शन केंद्रे ही विद्या विद्यार्थ्यांना रीतसर शिकवतात. तिला तेथे 'नेटवर्किंग' म्हणतात. मराठीत यासाठी 'वशिला' हा एक जुना, रोकडा शब्द आहे. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. वशिला लावणाऱ्याला आपण काही आडवाटेने मिळवत आहोत याची जाणीव असते. चारचौघांत तो ते बोलून दाखवत नाही. नेटवर्किंग करणाऱ्याला मात्र हाच गुण आहे, हेच कर्तृत्व आहे, असे शिकवले जाते. आडवाटेचा राजमार्ग झाला आणि तो झाल्याबद्दल कोणाला खंतही उरली नाही, ही गोष्ट समाजवाद्यांनी गंभीरपणे तपासून पाहण्यासारखी आहे.

ढिगाखाली दबलेला अर्ज

हा विद्यार्थी परक्या माणसापुढे असा हात का पसरतो? तो लाचार आहे म्हणून नव्हे. त्याच्यापुढील आकडेच तसे आहेत. गोल्डमन सॅक्स या एका बँकेकडे २०२४ सालच्या उन्हाळी उमेदवारीसाठी तीन लाखांहून अधिक अर्ज आले आणि जागा होत्या तीन हजारांहून कमी. म्हणजे शंभरात एकालाही प्रवेश नाही. याच बँकेने २०२१ साली आपल्या नवशिक्या विश्लेषकांचे मूळ वार्षिक वेतन ८५ हजार डॉलरवरून १ लाख १० हजार डॉलरवर नेले. उन्हाळ्यातील सुमारे दहा आठवड्यांची उमेदवारी हीच या कायम नोकरीची मुख्य वाट असते. आणि तिसऱ्या वर्षानंतर करावयाच्या त्या उमेदवारीची निवड अलीकडे दुसऱ्या वर्षाला असतानाच होऊ लागली आहे. ज्याच्या घरात या व्यवसायाची माहिती नाही, त्या मुलाला ही शर्यत असते हे कळेपर्यंत ती संपलेली असते.

तीन लाख अर्ज कोणी मन लावून वाचत नाही. ते गाळण्याची काहीतरी चाळणी लागते. ही चाळणी कशी चालते याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी केला. इन्व्हेस्टमेंट बँका, सल्लागार कंपन्या आणि मोठ्या वकिली कंपन्या यांतील निवडीचे काम करणाऱ्या १२० व्यक्तींच्या मुलाखती त्यांनी घेतल्या, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'पेडिग्री' या ग्रंथात त्याचे निष्कर्ष मांडले. पेडिग्री म्हणजे वंशावळ. ग्रंथाचे नावच पुरेसे बोलके आहे. या कंपन्या मोजक्या नामवंत विद्यापीठांची यादी ठेवतात. यादीतील विद्यापीठांत त्या स्वतः जातात, मेजवान्या देतात, मुलाखती घेतात. यादीबाहेरच्या विद्यापीठातील अर्ज वेगळ्या ढिगात पडतो आणि आतल्या कोणी बोट दाखवल्याखेरीज तो बहुधा उघडलाही जात नाही. निवड करणारे लोक पुढे गुणवत्तेबरोबरच 'आपल्यात शोभेल का' हेही पाहतात. विमानतळावर अडकून पडलो तर याच्याबरोबर वेळ बरा जाईल का, असाही निकष त्यांच्या बोलण्यात येतो. स्क्वॅश, लॅक्रॉस, नौकानयन असे खेळ खेळलेला उमेदवार त्यांना आपला वाटतो. हे खेळ कोणत्या घरांतील मुले खेळतात हे सांगावयास नको.

रिव्हेरा यांनी आंद्राश तिल्चिक यांच्यासह २०१६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग वकिली कंपन्यांचा आहे, परंतु तो याच जगातला आहे. काल्पनिक उमेदवारांचे शिक्षण, गुण आणि अनुभव सारखे ठेवून फक्त छंद आणि शिष्यवृत्ती यांसारख्या वर्गसूचक खुणा बदलण्यात आल्या. श्रीमंती छंद असलेल्या पुरुष उमेदवारांपैकी सुमारे १६ टक्क्यांना मुलाखतीचे बोलावणे आले. गरीब घराच्या खुणा असलेल्या पुरुषांपैकी दीड टक्क्यालाही आले नाही. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी सोशल मोबिलिटी कमिशनने प्रसिद्ध केलेल्या अहवालात लंडनच्या इन्व्हेस्टमेंट बँकांविषयी असेच आढळले. सुटाबरोबर तपकिरी बूट घालणे हीसुद्धा तेथे उमेदवाराविरुद्ध जाणारी गोष्ट ठरत होती. बुटांच्या रंगावरून माणसाचा वर्ग ओळखणारी ही संस्कृती स्वतःला गुणवत्तेची पूजक म्हणवते.

म्हणजे माजी विद्यार्थ्याला लिहिलेले पत्र हे या चाळणीला दिलेले उत्तर आहे. यादीतील विद्यापीठाच्या मुलासाठी ते एक जादा पायरी असते. यादीबाहेरच्या मुलासाठी बहुधा एकमेव पायरी असते.

दूरच्या ओळखीचे बळ

ओळखीने नोकऱ्या मिळतात ही गोष्ट अर्थशास्त्राने उशिरा मान्य केली. पाठ्यपुस्तकातल्या बाजारात मालक आणि कामगार एकमेकांना किमतीवरून शोधतात; तेथे काकाही नसतो आणि वर्गमित्रही नसतो. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन या उपनगरातील व्यावसायिक आणि व्यवस्थापक वर्गाच्या पुरुषांचा अभ्यास करून १९७४ साली दाखवून दिले की, त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी वैयक्तिक ओळखीतून मिळाली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही ओळख बहुधा जवळच्या मित्राची नव्हती, क्वचित भेटणाऱ्या परिचिताची होती. कारण उघड आहे. जवळच्या माणसाला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या वर्तुळातून येते. लिंक्डइन या संकेतस्थळाच्या दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगांच्या आधारे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानेही साधारण हेच सांगितले.

या सिद्धान्तातून आजची नेटवर्किंगची शिकवण निघाली. परंतु तिने अर्धीच गोष्ट उचलली. दूरची ओळख उपयोगी पडते हे खरे. पण कोणाच्या दूरच्या ओळखी कोठवर पोचतात? गिरणी कामगाराचा दूरचा परिचित दुसऱ्या गिरणीत असतो. बँकरच्या मुलाचा दूरचा परिचित दुसऱ्या बँकेत असतो. ओळखी सर्वांनाच असतात, परंतु सर्वांच्या ओळखींना सारखी किंमत येत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९८० च्या दशकात याला 'सामाजिक भांडवल' म्हटले, ते याच अर्थाने. पैशाच्या भांडवलाप्रमाणेच हे भांडवलही साचते, वारशाने जाते आणि ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडेच अधिक येते. पैशाच्या भांडवलावर निदान कर तरी बसतो.

महाविद्यालयाचे नाव हे या भांडवलाचे शेअर-सर्टिफिकेट आहे, आणि ते मुळात कोणाच्या हाती पडते हेही आता मोजले गेले आहे. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली अमेरिकेतील बारा अतिप्रतिष्ठित खाजगी महाविद्यालयांविषयी दाखवून दिले की, प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण मिळवणाऱ्यांमध्येही सर्वांत धनाढ्य एक टक्का घरांतील मुलांची प्रवेशाची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक होती. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप हे त्यामागील एक मोठे कारण होते. बाप माजी विद्यार्थी म्हणून मुलाला प्रवेश, आणि महाविद्यालय तेच म्हणून दुसऱ्या माजी विद्यार्थ्याकडून नोकरीची ओळख! वतनदारी गेली असे म्हणणाऱ्यांनी हे चक्र एकदा नीट पाहावे.

'कोणीही कोणालाही लिहू शकतो'

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. ई-मेलमुळे उलट समता आली, असे पुष्कळ जण मानतात. पूर्वी बँकेच्या संचालकाला भेटायचे तर त्याच्या क्लबात जाता आले पाहिजे. आज ओहायोतील ट्रकचालकाची मुलगीही त्याला एका क्षणात पत्र पाठवू शकते. पत्राला टपालखर्च नाही आणि दारावर शिपाई नाही. मग तक्रार कशाची?

या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. अशा पत्रांनी काही मुलांची आयुष्ये बदलली आहेत, आणि अनोळखी मुलाला आपली पंधरा मिनिटे देणारे सज्जन माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. परंतु पत्र पाठवता येणे वेगळे आणि पत्राला उत्तर येणे वेगळे. कॅथरीन मिल्कमन, मोडुपे अकिनोला आणि डॉली चुघ यांनी अमेरिकेतील २५९ विद्यापीठांच्या साडेसहा हजारांहून अधिक प्राध्यापकांना काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नावाने ई-मेल पाठवले. मजकूर अक्षरशः एकच : संशोधनात रस आहे, दहा मिनिटे भेटता येईल का? फक्त खालचे नाव बदललेले. कधी गोऱ्या पुरुषाचे, कधी स्त्रीचे. कधी कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी किंवा भारतीय वाटेल असे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष असे की, गोऱ्या पुरुषांना उत्तरे अधिक आली. आणि हा पक्षपात खाजगी विद्यापीठांत व अधिक पगाराच्या विद्याशाखांत जास्त होता. सर्वांत मोठे अंतर व्यवसायशिक्षणाच्या शाखेत, म्हणजे वित्तक्षेत्राची माणसे जेथे घडतात तेथेच, आढळले. तेथे गोऱ्या पुरुषांच्या ८७ टक्के पत्रांना उत्तर आले. स्त्रिया आणि अल्पसंख्य मिळून ६२ टक्के. पत्रपेटी सर्वांना खुली होती. पेटीमागचा माणूस खुला नव्हता.

उत्तर आले तरी ते सर्वांना सारखे येत नाही. याना गॅलन आणि मेलनी वॉसरमन या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून सुमारे दहा हजार व्यावसायिकांना मार्गदर्शनासाठी संदेश पाठवविले. मुलींना आलेल्या उत्तरांत घर आणि नोकरी यांची ओढाताण हा विषय मुलांच्या दुपटीहून अधिक वेळा निघाला. सल्ला देणाऱ्याच्या मनात काळे नसेलही. पण अशी उत्तरे वाचून मुली त्या वाटेला जाण्यापासून परावृत्त होतात. मुलाला वाट सांगितली जाते आणि मुलीला वाटेतले काटे.

शिवाय अशी पत्रे लिहिणे हेही श्रमच आहेत. माणसे शोधणे, प्रत्येकाविषयी वाचणे, मोजून-मापून वाक्ये रचणे, वेळी-अवेळी फोनला हजर राहणे यात आठवड्याचे कित्येक तास जातात. जो विद्यार्थी संध्याकाळी दुकानात उभा राहून फी भरतो, त्याने हे तास कोठून आणावेत? पूर्वी माणसे शोधण्याचा खर्च मालक करत असे. आता आपण योग्य आहोत हे पटवून देण्याचा सगळा खर्च उमेदवाराच्या माथी आला आहे. ज्याला नोकरी मिळत नाही, त्याला शेवटी हेही ऐकावे लागते की, त्याने पुरेशी पत्रे लिहिली नाहीत. बेकारीचे असे वैयक्तिक अपराधात रूपांतर करणे ही भांडवलशाहीची जुनी हातोटी आहे.

या वाटेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे तेही पाहावे. जेपी मॉर्गन या बँकेने चीनमधील सरकारी अधिकाऱ्यांच्या आणि ग्राहकांच्या मुला-नातलगांना उमेदवारी व नोकऱ्या देण्याची एक योजनाच चालवली होती, आणि तिचे नाव 'सन्स अँड डॉटर्स', म्हणजे 'मुलगे आणि मुली', असे होते. २०१६ साली अमेरिकी सरकारच्या कारवाईत हे प्रकरण मिटवताना बँकेला सुमारे २६ कोटी ४० लाख डॉलर मोजावे लागले. ट्रकचालकाच्या मुलीचे नम्र पत्र आणि अधिकाऱ्याच्या मुलासाठी आलेला फोन या दोन गोष्टी एक नव्हेत, हे खरे. एकीत गरज आहे, दुसरीत सौदा. परंतु जाहिरात, परीक्षा आणि नियम यांना वळसा घालून आतला माणूस दार उघडतो, ही पद्धत एकदा मान्य केली की दार कोणासाठी उघडायचे हे शेवटी बाहेरच्याचे वजनच ठरवते.

मुनशीगिरीपासून परीक्षेपर्यंत

लोकशाही देशांनी हा प्रश्न सरकारी नोकऱ्यांपुरता एकोणिसाव्या शतकातच ओळखला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी जागा पूर्वी संचालकांच्या शिफारशीने भरल्या जात. ब्रिटनमध्ये १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेल्यन अहवालाने शिफारशीऐवजी खुल्या स्पर्धापरीक्षेचा आग्रह धरला आणि १८५५ पासून भारतीय सनदी सेवेसाठीही अशी परीक्षा सुरू झाली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांचा १८८१ साली नोकरी न मिळालेल्या एका माणसाने खून केला, आणि त्यानंतर १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने परीक्षापद्धती आली.

परीक्षा म्हणजे समता नव्हे, हे भारतीयांना कोणी शिकवण्याची गरज नाही. सनदी परीक्षा दीर्घकाळ फक्त लंडनमध्येच होत असे. १९२२ पासून ती भारतातही होऊ लागली. तरीही परीक्षेत एक गोष्ट असते. नियम आधी जाहीर होतात, निकाल मागता येतो, आणि अन्याय झाला तर त्यावर बोट ठेवता येते. राखीव जागांचा लढा लढता आला तोही निवडीला नियम होते म्हणूनच. पंधरा मिनिटांच्या खाजगी संभाषणात झालेल्या अन्यायाविरुद्ध दाद कोणाकडे मागणार? तेथे अन्याय झाला हेच मुळात कळत नाही.

मुंबईच्या कामगार चळवळीला तर हा सारा प्रकार फार ओळखीचा वाटावा. गिरणीच्या फाटकावर सकाळी जॉबर उभा राहत असे. कामावर कोणाला घ्यायचे हे तो ठरवी. आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्याला दस्तुरी देणारा माणूस तो आत घेई. नव्या माणसासाठी तो आधारही होता, कारण परक्या शहरात खोली, उधारी आणि काम त्याच्यामार्फतच मिळे. १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालाने या पद्धतीवर टीका केली. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली. बंदरात १९४८ च्या कायद्याने गोदी कामगारांची नोंदणी करण्याचा मार्ग खुला केला, आणि माथाडी-हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला. या सर्व लढ्यांचे सूत्र एकच होते : काम मिळणे ही कोणाची मेहेरबानी असता कामा नये, त्याची नोंद आणि नियम असावा. १९५९ च्या सेवायोजन कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा कळवण्याचे बंधन घातले तेही याच सूत्राने. पुढे तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आला. आज परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे उभे आहेत आणि त्यांत वित्तसंस्थांची कार्यालये आहेत. फाटक बदलले, फाटकावरच्या ओळखीची गरज मात्र तशीच राहिली.

आपल्याकडील चित्र

बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे मूल्यमापन कर्जवाटपाच्या अंगाने पुष्कळ झाले. परंतु १९६९ साली चौदा आणि १९८० साली आणखी सहा बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, तेव्हा नोकरीचे एक मोठे दारही उघडले. लेखी परीक्षा आणि राखीव जागा यांमुळे लातूर-नांदेडकडील शेतमजुराचा मुलगा, ज्याच्या सात पिढ्यांनी बँक आतून पाहिली नव्हती, तो बँकेच्या गल्ल्यावर आणि पुढे व्यवस्थापकाच्या खुर्चीवर बसू शकला. आजही आयबीपीएसची सामाईक परीक्षा देऊन हजारो मुले सार्वजनिक बँकांत जातात. त्यांनी कोणाला पत्र लिहिलेले नसते.

खाजगी वित्तक्षेत्रात हे दार नाही. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाची हमी सरकारी नोकरीपुरती आहे. तेथे काय होते याची कल्पना सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून येते. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. फरक फक्त आडनावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची संभाव्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश एवढीच होती. त्याच वर्षी अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. एकाच वर्गात शिकलेल्या मुलांपैकी सवर्ण मुलांना खाजगी नोकरीसाठी घरच्या ओळखींचा आधार होता, दलित मुलांना नव्हता. आणि मुलाखतीत 'घरची पार्श्वभूमी' विचारली जाई तेव्हा दोघांना तो प्रश्न वेगवेगळा ऐकू येई.

ओळखीचे जाळे गरिबालाही असते, पण ते कधी कधी त्याला अडकवूनही ठेवते. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या शाळांवरून हे दाखवले. श्रमिक जातींतील मुलगे जातभाईंच्या ओळखीने मिळणाऱ्या जुन्या कामांकडे वळत आणि मराठी माध्यमात राहत; ज्या मुलींना अशी ओळख नव्हतीच, त्या उलट इंग्रजी शाळांकडे आणि नव्या नोकऱ्यांकडे गेल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास सांगतो की, श्रीमंताची ओळख त्याला वर नेते आणि गरिबाची ओळख त्याला बहुधा आहे तेथेच सांभाळते.

मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या अंगणाकडे पाठ करता येणार नाही. पुढाऱ्याची चिठ्ठी ही संस्था महाराष्ट्रातील पुरोगाम्यांनीही मोडली नाही. सहकारी बँका, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था यांतील नेमणुकांत नातेगोते आणि गट यांना किती स्थान आहे हे गावोगावचे कार्यकर्ते जाणतात. आमदाराकडून शिफारस आणून देणे म्हणजे लोकसेवा, असे चळवळीतील अनेकांनाही वाटते. वॉल स्ट्रीटवरील ओळखीला वर्गीय पक्षपात म्हणायचे आणि तालुक्याच्या ठिकाणच्या चिठ्ठीला 'आपल्या माणसाला मदत' म्हणायचे, ही दुटप्पी भूमिका लोकांना कळते.

काय करावे?

येथे व्यक्ती आणि व्यवस्था यांत गल्लत करू नये. पत्र लिहिणाऱ्या मुलाला हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही. गोंदियाच्या किंवा सोलापूरच्या महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली मुलगी मुंबईच्या एखाद्या वित्तसंस्थेतील माजी विद्यार्थिनीला ई-मेल लिहीत असेल, तर कार्यकर्त्याने तिला ते पत्र नीट लिहायला मदत करावी. मागणे नेमके असावे, थोडक्यात असावे, लाचार नसावे. कामाचे स्वरूप विचारावे. उत्तर न आल्यास तो आपल्या योग्यतेचा निकाल समजू नये. उपाशी माणसाला व्यवस्था बदलेपर्यंत थांब असे सांगणे हा समाजवाद नव्हे.

परंतु तेवढ्यावर थांबणे हाही समाजवाद नव्हे. खाजगी वित्तसंस्था सार्वजनिक ठेवींवर, सरकारी परवान्यांवर आणि संकटकाळी सरकारी मदतीवर जगतात; अमेरिकेतील २००८ च्या अरिष्टात हे जगाने पाहिले. तेव्हा त्यांच्या नोकरभरतीचे नियम जनतेने ठरवणे यात अवाजवी काही नाही. प्रत्येक जागा आणि प्रत्येक उमेदवारी जाहीर झाली पाहिजे. पहिली छाननी नाव, आडनाव आणि महाविद्यालय झाकून झाली पाहिजे. किती नेमणुका आतल्यांच्या शिफारशीने झाल्या आणि नेमलेल्यांची सामाजिक पार्श्वभूमी काय, हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध झाले पाहिजेत. खाजगी नोकरीतील जातीय, धार्मिक आणि लिंगाधारित पक्षपात कायद्याने दंडनीय झाला पाहिजे, आणि खाजगी क्षेत्रातील राखीव जागांची मागणी केवळ जाहीरनाम्यात पडून राहता कामा नये.

कायदा होईपर्यंत एक काम मात्र कोणाच्याही परवानगीवाचून करता येईल, आणि त्याचा वारसा महाराष्ट्रातच आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करविली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. या वसतिगृहांनी मुलांना जेवण आणि अंथरूण दिले, त्याचबरोबर ज्यांना शहरात कोणी ओळखत नव्हते अशांना एकमेकांची ओळख दिली. त्या मुलांतील जे पुढे गेले त्यांनी मागच्यांना हात दिला. ओळखीचे हे सामाजिकीकरण होते.

आज ग्रामीण महाविद्यालयांत माजी विद्यार्थी संघ आहेत. नॅक मूल्यांकनात त्यांची विचारणा होते म्हणून ते स्थापन झाले, आणि पुष्कळ ठिकाणी वर्षाकाठी एक मेळावा व सत्कार यांपलीकडे ते जात नाहीत. त्यांची यादी प्रत्येक विद्यार्थ्याला खुली का असू नये? बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी, निवृत्त अधिकाऱ्यांनी, मागासवर्गीय कर्मचारी संघांनी आठवड्यातून एक संध्याकाळ महाविद्यालयात जाऊन बसावे. जो येईल त्याला, मग तो कोणाचाही कोण असो, क्षेत्राची माहिती द्यावी, अर्ज तपासून द्यावा, मुलाखतीची तयारी करून घ्यावी. फरक एवढाच ठेवावा की माहिती सर्वांना द्यायची आणि शिफारस कोणालाच नाही. माहिती वाटल्याने ती वाढते. शिफारस एकाला दिली की दुसऱ्याच्या वाट्याची जागा जाते.

जॉबरला फाटकावरून हटवताना त्या काळच्या चळवळीनेही हाच विचार केला होता. काम ओळखीवर मिळू नये, आणि ज्याला कोणी ओळखत नाही त्याला चळवळीने ओळखावे. वित्तक्षेत्राच्या फाटकावर आज रात्री बसून पत्र लिहिणाऱ्या मुलीला उत्तर येईल की नाही हे एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोडायचे की नाही, हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. तो संघटित शक्तीने सोडवायचा प्रश्न आहे.